लग्न थांबले, दुसऱ्या दिवसाचे काय?

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



वृत्तपत्रात अधूनमधून एक लहानशी बातमी येते. आतल्या पानावर, दोन-तीन परिच्छेदांची. ‘प्रशासनाने बालविवाह रोखला’ असे तिचे शीर्षक असते. कोणीतरी १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी केलेला असतो. पोलीस आणि ग्रामसेवक मांडवात पोहोचलेले असतात. शाळेच्या दाखल्यावरून वधूचे वय १५ किंवा १६ निघते. ‘मुलगी अठरा वर्षांची झाल्याशिवाय तिचे लग्न करणार नाही’ असे हमीपत्र आईवडिलांकडून लिहून घेतले जाते, वऱ्हाड माघारी फिरते आणि बातमी संपते. वाचणाऱ्याला समाधान वाटते. कायदा आहे, यंत्रणा आहे, कोणीतरी जागे आहे, असे वाटते.

त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर मात्र बातमी तेथून पुढे सुरू होते. मांडव उतरला, उसनवारीचा पैसा गेला, भावकीत नाचक्की झाली आणि हे सारे ज्या घराने सोसले, त्याच घरात तिला दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचे असते. ती आता शाळेत जाणार आहे का? गावात पुढची शाळा आहे का? घरची माणसे ऊसतोडीला निघाली तर ती कोणाजवळ राहणार? हमीपत्रावर या प्रश्नांसाठी रकाना नसतो. म्हणूनच तालुक्याच्या गावी थांबवलेले लग्न महिन्याभरात परजिल्ह्यातील एखाद्या नातेवाइकाच्या दारात चार माणसांत उरकले गेले, अशाही घटना कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत.

मुलींच्या हक्कांचा विषय फार विस्तीर्ण आहे. तो गर्भलिंगनिदानापासून वारसाहक्कापर्यंत जातो. त्यातील बालविवाह हा एकच धागा आज हाती घेतला आहे आणि त्यातही एकच प्रश्न: लग्न मोडल्यानंतर, किंवा लग्न ठरण्याच्या कितीतरी आधी, त्या मुलीसाठी समाजाने कोणती जागा तयार ठेवली आहे?

आधी थोडी आकडेवारी पाहू. ती कंटाळवाणी असली तरी येथे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ या वयाच्या स्त्रियांना त्यांच्या लग्नाचे वय विचारतात. त्यांपैकी किती जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते, यावरून बालविवाहाचे प्रमाण काढले जाते. महाराष्ट्रात हे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९.४ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते २६.३ वर आले आणि २०१९-२१ मध्ये २१.९ टक्के. दिशा चांगली आहे. जे काम झाले ते वाया गेलेले नाही. पण हा राज्याचा सरासरी आकडा आहे आणि सरासरी पुष्कळ गोष्टी झाकून ठेवते. त्याच २०१९-२१च्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्याचा आकडा ४३.७ टक्के होता आणि परभणीचा ४८. म्हणजे जवळजवळ दर दोन मुलींमागे एक. पुण्या-मुंबईच्या सभागृहात ‘बालविवाह इतिहासजमा झाले’ असे जे सहज बोलले जाते, ते किती अपुऱ्या माहितीवर, हे यावरून ध्यानात यावे.

बीडच का? तेथील माणसांना मुलींची माया कमी आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ती माणसे पाहिलेली नाहीत. कारण शोधायचे तर उसाच्या फडात जावे लागते. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही, खरीप हाती लागले न लागले की दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी भरायची आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या साखर कारखान्यावर जायचे. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. मजुरीचा हिशेब माणशी होत नाही, ‘कोयत्या’वर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, उघड्या रानात पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत राहायचे आणि पहाटेच्या अंधारात फडावर जायचे. भरलेली गाडी रात्री-अपरात्री रवाना करायची.

या व्यवस्थेत १३-१४ वर्षांच्या मुलीला कोठेही जागा नाही. तिला बरोबर न्यावे तर शाळा सुटते. कोपीत दार नाही, कडी नाही, भोवती अनोळखी वस्ती. दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळणारी, पाणी भरणारी, भाकरी थापणारी ती एकटी असते. गावी ठेवावे तर घरात म्हातारी आजी आणि सहा महिन्यांचा काळ. ‘काही बरे-वाईट झाले तर?’ हा प्रश्न आईला फडात झोपू देत नाही. अशा वेळी एखादे स्थळ येते. मुलगा धडधाकट आहे, त्याला कोयता लावायचा आहे, म्हणजे त्यालाही जोडीदारीण हवी आहे. बाप हिशेब करतो: जबाबदारी उतरते, खर्च आज थोडक्यात भागतो, मुलगी ‘आपल्या घरी’ जाते. त्याला हे क्रौर्य वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ती मुलीची सुरक्षा असते. हा हिशेब चुकीचा आहे हे खरे. पण त्यापेक्षा बरा हिशेब मांडण्याची सोय त्याच्यापुढे कोणी ठेवली आहे का, हे विचारल्याशिवाय त्याला दोष देणे सोपे आणि निरुपयोगी आहे.

पुढचे चित्र सर्वांना माहीत असायला हवे. १५व्या वर्षी लग्न, १८-१९व्या वर्षापर्यंत दोन बाळंतपणे, अंगात रक्त नाही आणि उसाची मोळी डोक्यावर. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. तेव्हा शासकीय समितीने जी पाहणी केली, तीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. आपल्या घरी सकाळच्या चहात जी साखर पडते, तिची एक बाजू अशी आहे. हे ऐकून चहा सोडावा असे कोणी सुचवत नाही. पण साखरेचा भाव, उसाचा दर आणि कारखान्याच्या निवडणुका यांवर तावातावाने बोलणाऱ्या समाजाला तोडणाऱ्या हातांविषयीही थोडी माहिती असावी, एवढीच अपेक्षा.

आता कायद्याकडे वळू. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. मुलीचे वय १८, मुलाचे २१. बालविवाह लावणारा, त्याला प्रोत्साहन देणारा, तो होऊ देणारा, इतकेच नव्हे तर त्यात सहभागी होणाराही दोषी ठरतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्याचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे जिचे लग्न लावले जाण्याचा धोका आहे अशी मुलगी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते आणि तिला बालकल्याण समितीपुढे नेता येते. आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते: बालपणी लग्न झालेली मुलगी सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, ते लग्न रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते. शेजारच्या कर्नाटकाने २०१७ मध्ये याहून पुढे जाऊन बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला.

कायदा कमकुवत नाही. त्याच्या अडचणी निराळ्या आहेत. ज्या ग्रामसेवकाने लग्न थांबवायचे, त्याला त्याच गावात करवसुली करायची असते, त्याच पुढाऱ्यांबरोबर ग्रामसभा घ्यायची असते. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवायचे म्हटले तरी शंभर उंबऱ्यांच्या वाडीत कोणी फोन केला हे संध्याकाळपर्यंत ओळखले जाते. शिवाय कडक कायद्याची एक उलटी बाजूही दिसू लागली आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही गुन्हा ठरला. तत्त्वतः हे योग्यच झाले. पण सोळा वर्षांची गर्भवती शासकीय रुग्णालयात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. आणि ही भीती बसली की घरचे तिला रुग्णालयातच आणत नाहीत. ज्या मुलीच्या रक्षणासाठी कायदा आहे, तीच उपचारांपासून दुरावते. डिसेंबर २०२१ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय २१ करण्याचे विधेयक लोकसभेत आले होते, ते २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर चर्चा झाली. अठराची मर्यादाच जेथे पाळली जात नाही, तेथे २१ च्या चर्चेने फडातल्या मुलीच्या आयुष्यात काय फरक पडला असता, हा प्रश्न त्या चर्चेत अभावानेच ऐकू आला.

कायद्याने सुधारणा की समाजाच्या प्रबोधनाने, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. कोलकात्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा करुण अंत झाला आणि १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा आला. त्या काळी पुण्यात केवढे रण माजले होते, हे सर्वश्रुत आहे. आगरकर कायद्याच्या बाजूने, लोकमान्य विरोधात. लोकमान्यांचा आक्षेप परकीय सरकारने आपल्या सामाजिक व्यवहारात हात घालण्याला होता. परंतु त्यांच्या भूमिकेचा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता: मुलींचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलांचे विसाच्या आत करू नये, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये, आणि ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला या नियमांनी बांधून घ्यावे. म्हणजे सरकारी कायद्यात बारा वर्षांची भाषा होत होती, तेव्हा स्वेच्छेने सोळाची मर्यादा पाळावी असे लोकमान्य म्हणत होते. त्या प्रस्तावाला पुरेशा सह्या करणारे पुढे आले नाहीत, ही गोष्ट निराळी.

आज राज्य स्वकीयांचे आहे, कायदा आपल्याच संसदेने केलेला आहे. परकीय सत्तेचा आक्षेप उरलेला नाही. उरला आहे तो समाजाने स्वतःहून उचलायचा वाटा. ‘हे सरकारने करायला नको, समाजाने करावे’ असे म्हणणाऱ्यांवर तर तो दुप्पट पडतो.

समाजाने वाटा उचलला की काय घडते, याची दोन उदाहरणे त्याच काळातली आहेत. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या. इतपत गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण ‘मोकळी झालेली’ ती तेवीस-चोवीस वर्षांची तरुणी दुसऱ्या दिवसापासून काय करणार होती? येथे समाजातील काही माणसे उभी राहिली. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी आधीपासून त्यांच्या शिक्षणाला आधार दिला होता. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी पुढे बळ दिले, निधी उभा राहिला, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी पुढची अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. खटल्याने त्यांना प्रसिद्धी मिळाली असेल. पण त्यांचे आयुष्य उभे राहिले ते शिक्षणाची जागा मिळाली म्हणून.

दुसरे उदाहरण अण्णासाहेब कर्व्यांचे. विधवांना पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. चार दशके तो पुस्तकात पडून राहिला. कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि त्यांच्या लक्षात आले की एकेका पुनर्विवाहाने हा प्रश्न सुटणार नाही. बालविधवेला राहायला, शिकायला आणि पायावर उभे राहायला एक आश्रम हवा. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. प्लेगच्या दिवसांत तो पुण्याबाहेर हिंगण्याला, रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर, एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून रोज तेथवर पायपीट करीत. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमासाठी गावोगाव झोळी घेऊन फिरल्या. पुढे इंग्रजी शिकण्याच्या ओढीने अमेरिकेपर्यंत गेल्या आणि तेथेही आश्रमासाठी निधी जमवला. ज्या झोपडीत मूठभर मुली होत्या, तेथून पुढे एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा विस्तार झाला.

आता आजच्या काळात आणि पुन्हा मराठवाड्यात येऊ. पैठण तालुक्यात पाचोड नावाचे गाव आहे. तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेत डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रयोग केला. १२ ते १८ वयाच्या अविवाहित मुलींसाठी, विशेषतः शाळा सुटलेल्या आणि मजुरीला जाणाऱ्या मुलींसाठी, संध्याकाळी एक तासाचा वर्ग. आठवड्यातले पाच दिवस, वर्षभर. शिकवणारी गावातलीच बाई, किमान सातवी शिकलेली. विषय काय? आहार, पाळी, शरीराची माहिती, बँकेत आणि ग्रामपंचायतीत काम कसे होते, घरात आपले म्हणणे कसे मांडावे. बालविवाहाविरुद्ध घोषणा नव्हत्या, मोर्चे नव्हते.

परिणाम काय झाला, याचा नीट अभ्यास झाला आहे. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यम वय १६ वरून १७ झाले. वर्गात न आलेल्या मुलीचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता वर्ग पूर्ण केलेल्या मुलीच्या सुमारे चौपट आढळली. एक वर्ष ऐकायला थोडे वाटते. पण १६ आणि १७ यांच्यामध्ये कित्येकदा दहावीची परीक्षा असते, हे ज्याने खेड्यात शिकवले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

हे घडले कशामुळे? रोज एक तास मुलगी घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी, समवयस्कांत बसू लागली. तिच्या बोलण्यात फरक पडला, तो घरच्यांच्या लक्षात आला. औषधाच्या बाटलीवरील मजकूर ती वाचू लागली, आजारी भावाला दवाखान्यात नेऊ लागली. ‘हिला उजवून टाकू’ असे म्हणणाऱ्या घराला ‘हिचा उपयोग आहे, हिला कळते’ असे वाटू लागले. येथे ‘उपयोग’ हा शब्द आपल्याला खटकतो. पण बदल असाच होतो. आधी उपयोग दिसतो, मग मान मिळतो.

साताऱ्यात अॅड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने ‘लेक लाडकी अभियान’ चालवले. गर्भलिंगनिदान करणाऱ्या केंद्रांचा छडा लावण्याच्या त्यांच्या मोहिमा गाजल्या आणि २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. वैचारिक व्यासपीठे निराळी असतील; काम खरे असेल तर ते मोकळ्या मनाने पाहावे आणि शिकावे. बीडच्या शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्याने ‘शांतिवन’ उभे केले, ते ऊसतोड मजुरांच्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. आईवडील फडावर असताना मुलगी तेथे राहते, जेवते, शिकते. तिच्यासाठी स्थळ पाहण्याची घाई त्यामुळेच कमी होते.

शासनानेही काही केले नाही, असे नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. नाव वसतिगृह असले तरी पुष्कळ ठिकाणी ती गावातल्या शाळेतून मिळणारी जेवणाची सोय असते. मूल रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपते. आठ वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते. चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला रात्रीचीच चिंता असते, आणि मुलगी आठवी ओलांडली की ही सोयही तिच्या हातून जाते. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. त्यांतील काही भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून १२५ तालुक्यांत मुलींसाठी खास गाड्या धावू लागल्या. चौंडीच्या ज्या लेकीच्या नावाने हा पास आहे, तिला सासऱ्याने राज्यकारभार शिकवला. तिच्या नावाच्या पासावर वाडीवरची मुलगी तालुक्याच्या विद्यालयात जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ती गाडी संध्याकाळी परतायला दोन तास उशिरा आली, किंवा थांब्यावर टवाळखोर बसू लागले, की एका आठवड्यात चार मुलींची शाळा बंद होते. कोणताही कायदा मोडलेला नसतो. कोठे बातमी येत नाही.

येथे सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांविषयीही बोलले पाहिजे. बालविवाह ‘त्यांचा’ प्रश्न आहे, असे मानून कपाळाला आठ्या घालणे सोपे आहे. पण मुलीला नाकारण्याचे जे अधिक आधुनिक तंत्र, त्याचा प्रारंभ कोणी केला? १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला, कारण मुंबईत त्याचा सुळसुळाट झाला होता. सोनोग्राफीचे पैसे मोजू शकणारी घरे कोणती होती? शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. साखर कारखान्यांनी समृद्ध झालेल्या कोल्हापुरात २००१ मध्ये ही संख्या ८३९ होती, सांगलीत ८५१. पुढच्या दशकात हे जिल्हे थोडे सावरले आणि ऊस तोडायला तेथे येणाऱ्यांचा बीड जिल्हा ८९४ वरून ८०७ वर कोसळला. सधनांचे व्यसन गरिबांपर्यंत पोहोचायला दहा वर्षे लागली.

सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या मुली होत्या. तिसरी-चौथी मुलगी झाली की ‘आता नको’ म्हणून ठेवलेले नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण झाले आणि त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. हा सोहळा हृद्य होता यात शंका नाही. परंतु नाव बदलल्यावर शाळेचा दाखला, शिधापत्रिका आणि पुढे आधार कार्ड यांवरही ते बदलावे लागते. त्यासाठी तालुक्याला चार खेपा घालाव्या लागतात आणि बापाची चार दिवसांची मजुरी बुडते. त्या खेपांना सोबत जाणारा माणूस सोहळ्याइतकाच महत्त्वाचा असतो. त्याचे छायाचित्र छापून येत नाही, एवढेच.

कार्यकर्त्यांनी काय करावे, असा प्रश्न अशा भाषणानंतर हमखास येतो. मोठमोठी उत्तरे देण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी तिची मुलगी कितवीत आहे हे विचारावे आणि ‘यंदा सोडली शाळा’ असे उत्तर आले तर कारण विचारावे. गावाकडून लग्नपत्रिका आली आणि वधूच्या वयाची शंका आली, तर आहेर घेऊन जाण्याऐवजी मुदतीपूर्वी फोन करावा. मांडवात हजर राहणाराही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे लक्षात असावे. पुरोहित, मंडपवाले, आचारी, छायाचित्रकार यांची तालुक्याच्या गावी एक बैठक घेऊन ‘वयाचा दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेणार नाही’ एवढे ठरवून घेता येते. १०९८ ही बालकांसाठीची सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती शासकीय यंत्रणेमार्फत चालते. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवण्याचा खर्च एका डब्याच्या रंगाचा आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींसाठी ‘लेक लाडकी’ योजनेत टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये आहेत. त्यांतील ७५ हजार अठराव्या वर्षी मिळायचे आहेत. ही रक्कम लग्नाच्या खर्चात जाऊ नये, हे समजावण्याचे काम २०४१ मध्ये सुरू करून चालणार नाही.

सर्वांत अधिक गरज मात्र रात्रीच्या निवाऱ्याची आहे. तालुक्याच्या गावात दोन-तीन खोल्या, एक विश्वासू गृहमाता, वीस मुली, ऑक्टोबर ते एप्रिल. एवढी व्यवस्था एखाद्या शाखेला, महिला मंडळाला किंवा देवस्थानाला पेलणारी आहे. शासकीय वसतिगृहात जागा शिल्लक असेल तर तेथे प्रवेश मिळवून देणे अधिक चांगले. नसेल तर ती उणीव भरून काढायची. त्यासाठी कोणत्या वाडीवरून कोणती कुटुंबे जाणार, त्यांच्यात सातवी ते दहावीतल्या मुली किती, कोणाच्या घरी मागे कोण राहणार, ही यादी हाती हवी. ती शाळेतील शिक्षक, अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्याकडे बसूनच तयार होते. पहिल्या गाड्या दसऱ्याच्या सुमारास निघतात. यादी पोळ्याआधी पूर्ण झालेली असावी लागते, कारण त्यानंतर उचल घेतलेली असते आणि पुष्कळदा सुपारीही फुटलेली असते.